पावसाचं पाणी कुठं जातं?

मास्तर काल सांगलीच्या मारुती चौकातल्या कट्ट्यावर आला तो काखेत गठ्ठा मारूनच. संकलित 2 चे पेपर, इयत्ता चौथी. असे पेपर चौकात आणायचे नसतात हे त्यालाही कळतं, पण घरात पाहुणे होते म्हणे. भडंगाचा पुडा सुटला, वर कांदा पडला आणि वकिलानं मोबाईल काढला.

"हे ऐका. टिपू सुलतान कुठल्या लढाईत मेला? उत्तर : शेवटच्या."

"मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय हा," मास्तर म्हणाला. "आणि अक्षर बघ की. चौथीचं पोर शिरोरेघ इतकी सरळ ओढतं व्हय? कुणीतरी रिकामटेकड्यानं बसून लिहिलंय."

मला मास्तरचं पटलं. खरी पोरं हसवायला म्हणून लिहीत नाहीत. ती मनापासून लिहितात, हसतो आपण.

वकील काही सोडेना. "पण चूक कुठाय? 1799, श्रीरंगपट्टण. त्यानंतर लढला का तो परत? मग शेवटचीच की. कोर्टात टिकेल."

"टिकेल. मार्क नाही मिळणार. खरं बघायचंय? हे मराठीच्या पेपरातलं. वाक्यात उपयोग करा : पाणी पाजणे. पोरीनं लिहिलंय, 'बाबांनी म्हशीला पाणी पाजले.' शून्य दिलं मी."

झालं. बंडाच्या घरी चार म्हशी आहेत.

"शून्य? मे महिन्यात म्हशीला पाणी न पाजता दाखव एक दिवस!"

"प्रश्नात 'वाक्यात उपयोग करा' एवढंच आहे," वकील सरसावला. "तिनं केला. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागेवर."

"वर 'वाक्प्रचार' असं छापलंय की. अर्थ : पराभव करणे, नामोहरम करणे."

वकील गप्प. बंडा मात्र पेटलेला. नियम कशाला हवेत पोरांना, वगैरे.

"नियम नकोत?" मास्तर म्हणाला. "2019 ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टला 'साठ तीन' म्हणायची सोय केली, तेव्हा मराठी बुडाली म्हणून ह्याच कट्ट्यावर कोण बोंबलत होतं?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

कसं ते बंडाला सांगता येईना, म्हणून त्यानं भडंग जवळ ओढला.

मग मास्तरनं परिसर अभ्यासाचा एक पेपर वर काढला. पावसाचे पाणी कुठे जाते? खाली वाकड्यातिकड्या अक्षरात, 'आमच्या घरात येते. मग आम्ही मामाकडे जातो.'

वकील हसायला गेला आणि आप्पाकडे बघून थांबला. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 ची. आम्ही बसलो होतो तो कट्टाही तेव्हा पाण्याखाली होता. आप्पाच्या घरातली ती रेघ दोनदा रंग देऊनही गेलेली नाही.

"किती दिलेस?" आप्पानं विचारलं.

"दोनपैकी काय देऊ? नमुना उत्तर आहे, जमिनीत मुरते, ओढ्या-नाल्यांतून नदीला मिळते."

"नदीला मिळतं, आणि नदीतनं घरात येतं. पोरानं मधला टप्पा गाळलाय. एक काप. दोन्ही का कापतोस?"

"मामा कुठं बसवू त्यात?"

"मामा जादा माहिती."

मास्तरनं लाल पेन काढलं, पण लिहिलं काही नाही. पान उलटून पुढचा प्रश्न वाचला. पाणी वाचवण्यासाठी तुम्ही काय कराल?

"काय लिहिलंय?"

"'टीव्ही आणि गाद्या माळ्यावर टाकू. आजीला आधी पाठवू.'"

आप्पानं थोडा विचार केला.

"फ्रीज राहिला की. अर्धा मार्क काप."