फर्मचं नाव काय?

अ‍ॅल्युमिनियमच्या बारीकसारीक वस्तू घरच्या घरी वेल्ड करायच्या, एवढीच माझी हौस. मशीन कुरिअरने आलं आणि मी घरी नव्हतो म्हणून शेजारच्या आजींनी सही करून ठेवून घेतलं. २०० अँपिअरचं एसी-डीसी मशीन! त्याच्या आर्ककडे, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत ज्योतीकडे, उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर रात्रभर डोळे चुरचुरत राहतात. पण मला कुणी हूं की चूं विचारलं नाही. हेल्मेट, टंगस्टन, फिलर रॉड, सगळं असंच बिनबोभाट दारात. स्टेनलेसचा ब्रश तर बोहरी आळीत घासाघीस करून आणला. घोडं अडलं ते आर्गन गॅसपाशी.

"फर्मचं नाव?" गॅसवाल्याने पावतीपुस्तक उघडत विचारलं.

"फर्म नाही. हौस म्हणून करतोय, घरी."

त्याने पेनाला टोपण लावलं.

काउंटरशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर एक काका बसले होते. त्यांचा या दुकानाशी काय संबंध, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण चहा दुकानाच्या खर्चाने चालू होता. मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथी डोकावतेय.

"काय जोडायचंय?" काकांनी चौकशीची सूत्रं हातात घेतली.

मी खिशातून सायकलच्या कॅरिअरचा तुटका ब्रॅकेट काढला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला, नखाने खरवडला.

"हा नवा दीडशेला मिळतो."

"माहीत आहे."

"मग?"

आता या 'मग'ला काय सांगणार?

"आणि हे तर जर्मन आहे. जर्मनला वेल्डिंग होत नाही."

जर्मन म्हणजे आपलं अ‍ॅल्युमिनियमच. मी सांगायला गेलो. काका, धातू वितळतो ६६० अंशांना, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजारांच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. म्हणून एसी करंट, सतत दिशा बदलणारा. एका अर्ध्या फेरीत तो थर फुटतो, दुसऱ्या अर्ध्या फेरीत धातू तापतो. लोखंड निदान लाल होऊन सांगतं तरी. हा पठ्ठ्या रंगही बदलत नाही, एकदम भोक पाडून मोकळा. शिवाय वितळताना हवा लागू द्यायची नाही, म्हणून आर्गन...

"म्हणजे होत नाहीच," काका गॅसवाल्याला म्हणाले.

"होतं हो!"

"सोसायटीत राहता? खाली-वर माणसं राहतात? आणि तुम्ही गॅसचा बाटला नेणार? उडाला म्हणजे?"

"आर्गन पेटत नाही."

"गॅस आहे ना? मग पेटणारच."

इथे माझा तोल गेला. म्हटलं, "काका, हवेत जवळजवळ एक टक्का आर्गनच असतो. आत्ता तुम्ही तोच श्वासात घेताय."

काकांचा कप ओठांपाशी थांबला. दोन क्षण त्यांनी खरोखर श्वास रोखला. मग उठून त्यांनी स्टूल उचललं, दारापाशी नेऊन ठेवलं आणि तिथून मोठ्याने विचारलं, "शेठ, हे म्हणतात गॅस हवेतच असतो. मग तुम्ही पैसे कशाचे घेता?"

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. बंद खोलीत हाच आर्गन साठला तर माणूस गुदमरू शकतो, हे मी गिळून टाकलं. काका रस्त्यावरच गेले असते.

"जीएसटी नंबर आणा, शिक्का आणा, डिपॉझिट भरा," शेठ माझ्याकडे न बघता म्हणाला. "आणि छोटा बाटला ठेवत नाही आम्ही. ४७ लिटरचा न्या." तो उभा केला तर जवळजवळ माझ्या खांद्याला लागेल. तो लिफ्टमधून कसा न्यायचा, तेही काकांनीच विचारलं. "वहिनींच्या नावाने उद्योग काढा. महिला उद्योजक. सबसिडी मिळते," हा सल्ला वर फुकट. मग आवाज खाली आणून, "घरी माहीत आहे ना?"

हसू येतं खरं, पण राग अजून गेलेला नाही. पन्नाशीत माणूस तबला शिकायला लागला की कौतुक. गडावर गेला की व्हॉट्सअ‍ॅपवर फुलं. हातात वेल्डिंगची टॉर्च धरली की मात्र पहिला प्रश्न, "परवडत नाही का?" नाहीतर "किती नग काढणार?" एक नग. माझा. तुटलाय म्हणून. आयटीआयमध्ये वर्षभर वेल्डिंग शिकून पोटासाठी तेच करणाऱ्या पोराला आपण 'ए वेल्डर' म्हणून हाक मारतो, आणि इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये जोड न मारता जर्नल पूर्ण करणाऱ्याला 'साहेब'. पावतीपुस्तकात हौशी माणसासाठी रकाना नसतो, ही तक्रार मी करणार कुणाकडे?

"नंबर देऊन जा, छोटा आला तर कळवतो," असं शेठ म्हणाला आणि मी नंबर सांगितला. मोठ्याने सांगितला.

काल रात्री फोन आला. शेठचा नव्हता.

"झालं का हो तुमचं सुरू? आमच्या पातेल्याचा कान निखळलाय. जुनं पातेलं आहे, जाड. नवीन मिळतं, पण हिला तेच हवंय."

"काका," मी म्हटलं, "जर्मनला वेल्डिंग होत नाही."

"असं कसं? ते दोन हजार अंशांचं काय ते म्हणत होतात ना?"