खुलासा: मोठ्या टायरसाठी अ‍ॅक्सल रेशोचा आकडा कमी करायचा नसतो

अमेरिकेतल्या आपल्या जीपवाल्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: “35 इंची टायर टाकलेत? मग अ‍ॅक्सल रेशो 3.73 वरून 3.21 करा, ताकद वाढेल.” हे उलटं आहे.

रेशो 3.73 म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) 3.73 फेऱ्यांत चाकाची एक फेरी. टायर मोठा झाला की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, त्यामुळे इंजिनवर ओझं वाढतं. ते भरून काढायला आकडा वाढवावा लागतो. गणित स्वतः करून बघा. 32 इंचांवर 3.73 असलेल्या जेके रँग्लरला (जीपचं एक मॉडेल) 35 इंचांसाठी 3.73 × 35 ÷ 32, म्हणजे साधारण 4.08 लागतो, त्याच्या जवळचा गिअर सेट 4.10. मोठा टायर जडही असतो, म्हणून चढ आणि खडकांसाठी बरेच जण 4.56 किंवा 4.88 घेतात, आणि मला तेच पटतं.

पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो सारखाच हवा. नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटून देणाऱ्या गिअरबॉक्सवर) जबर ताण येतो. शिवाय स्पीडोमीटर नव्या टायरप्रमाणे कॅलिब्रेट करा, म्हणजे जुळवून घ्या, कारण नुसते टायर बदलले तर 100 दिसताना वेग 109 असतो.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.