अर्धा सूर वर

कॅसेटच्या दातेरी चाकात रतलामी शेव अडकू शकते, हे मला परवाच्या रविवारी कळलं. इंदूरच्या घरात रविवारी सकाळी पोह्यांआधी दुसरं काही सुरू करायचं नसतं. मी एका हातात बशी धरून डेक उघडला, तिथेच चुकलो. शेव चिमट्याने निघाली. पोह्यांवरचा जिरावण मसाला मात्र आत कुठवर गेला ते त्या डेकलाच ठाऊक. हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला, तर पिवळा झाला.

डेकचा बेल्ट तर आधीच वितळून डांबर झालेला. जेल रोडवरच्या दुकानदाराने डेक दोन्ही हातांत घेऊन बघितला आणि म्हणाला, "भिया, इसकी तो तेरहवीं हो गई." तरी दोन दिवसांनी त्यानेच कुठूनसा बेल्ट आणून बसवून दिला.

एवढा खटाटोप ज्या कॅसेटसाठी, ती म्हणजे व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडचा १९७६ चा डेमो, म्हणजे कंपन्यांना ऐकवायचं नमुन्याचं रेकॉर्डिंग. किस बँडचा जीन सिमन्स या पोरांवर खूश झाला. पदरचे पैसे घालून त्याने त्यांची गाणी रेकॉर्ड करवली, त्यासाठी त्यांना न्यूयॉर्कपर्यंत नेलं, आणि किसच्या मॅनेजरने ऐकून नाक मुरडलं. आमच्या रामबागेतले मुलगी दाखवायचे कार्यक्रम बरे, निदान कांदेपोहे तरी मिळायचे. पुढे वॉर्नर कंपनीने त्यांना उचललं, १९७८ साली पहिला अल्बम आला आणि गिटार वाजवणाऱ्यांची झोप उडाली. डेमो मात्र या हातातून त्या हातात, कॉपीची कॉपी होत फिरत राहिला आणि १९९१ साली कॉलेजातल्या मित्राच्या अमेरिकावासी मावसभावाच्या कृपेने माझ्या नव्वद मिनिटांच्या टीडीके कॅसेटवर उतरला. कितवी कॉपी, देव जाणे. गाण्याआधी कढईत भजी सोडल्यासारखा आवाज यायचा.

खरं तर अण्णांनी यावर आकाशपाताळ एक करायला हवं होतं. केलं नाही, कारण ते त्याच दुखण्याचे जुने रोगी. गायक कुमार गंधर्व, म्हणजे कुमारजी, १९४८ पासून देवासला, म्हणजे आमच्यापासून बसने तासाभरावर. त्यांच्या कुणाकुणाच्या दिवाणखान्यातल्या बैठकींच्या टेपा अण्णांच्या कपाटात कुलपाआड असत. बाजारात मिळणारी रेकॉर्ड त्यांच्या लेखी खाणावळीतलं जेवण. खरं गाणं ते, ज्यात तंबोरे जुळताना कुणीतरी खोकतं. तो खोकणारा नेमका कोण, यावर त्यांचा नि काकांचा वीस वर्षं वाद चालला. दोघांनाही तो खोकला तोंडपाठ होता.

एकदा माझी कॅसेट चालू असताना अण्णा दारात थबकले. म्हणाले, "हा गडी चढ्या पट्टीत गातोय. त्याची ही पट्टी नव्हे." मी हसण्यावारी नेलं. त्या कॅसेटबरोबर मी तीन वर्षं गिटार घासली, आणि सूर काय चपखल जुळायचा! मग पहिला अल्बम हाती आला, तर एक सूर जुळेल तर शपथ. मी निष्कर्ष काढला की बँडच बेसुरा आहे.

उलगडा फार उशिरा झाला. हे लोक गिटार मुळातच अर्धा सूर उतरवून लावायचे. माझ्याकडची कॉपी कुठल्यातरी मंद डेकवर झालेली, त्यामुळे वाजवताना साधारण सहा टक्के जोरात पळायची, आणि तेवढ्याने सूर बरोबर अर्ध्याने चढतो. इंग्रजीचं अक्षर न कळता अण्णांनी हे दारात उभ्या उभ्या ओळखलं होतं. २०१२ साली बँडने आपल्या अशाच जुन्या डेमोंमधली काही गाणी झाडूनपुसून, कुठे शब्द बदलून नव्या अल्बममध्ये घातली. आई म्हणाली, "म्हणजे जुन्या लुगड्याची गोधडीच की." मला तर सगळंच ओळखीचं आणि अर्धा सूर खाली वाटलं.

तर रविवारी पहिली बाजू सुखरूप कॉम्प्युटरवर उतरली. दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं, बँडचा गिटारवाला एडी, त्याची गिटार आता उसळणार, मी श्वास रोखलेला, आणि खट्! "लाल बटण दाबलंस का गं?" मग टाळ, पेटी आणि आईच्या भजनी मंडळाचा अभंग.

कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिच्या माथ्यावरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मी स्वतः मोडले होते. आता नीट बघितलं, तर त्या खाचांवर सेलोटेप. नीटनेटका, कडा कापून लावलेला. आमच्या घरात असा सेलोटेप एकच व्यक्ती लावते.

आवाज ऐकून ती आतून आलीच. अपराधाचा मागमूस नाही. मिनिटभर मान कलती करून ऐकलं आणि म्हणाली, "बंद कर आधी ते. ती तालीम होती. दुसऱ्या कडव्याला टाळ चुकलाय. असलं चारचौघांत ऐकवायचं नसतं."

तोवर मी ते मंडळाच्या ग्रुपवर टाकून मोकळा झालो होतो. टाळ नेमका कुणाचा चुकला, यावर तिथे सव्वीस मेसेज येऊन पडले होते.