पन्नास टंचाचे नाणे आणि शंभर टंचाचे दावे

गेल्या काही महिन्यांपासून कोल्हापुरातील व्हॉट्सॲप गटांवर स्मारक नाण्यांविषयी एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: स्मारक नाणी सरकारच काढते, त्यामुळे ती ऑनलाइन घेताना फसवणूक होऊ शकत नाही; ‘प्रूफ’ नाणे म्हणजे शुद्ध चांदी; सोबत प्रमाणपत्र असले की वेगळी तपासणी नको; आणि वर्षाखाली चौकटीचे (पत्त्यांतल्या चौकटसारखे) चिन्ह असलेले किंवा वैष्णोदेवीचे नाणे घरात असेल, तर त्याचे लाखो रुपये येतात. नाणी जमवण्याचा छंद नुकताच लागलेली मुले हा संदेश घेऊन माझ्याकडे येतात आणि त्यांपैकी काहींनी साठवलेले पैसे आधीच पाठवलेले असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

नाणे सरकार काढते हे खरे आहे, पण ते विकणारा प्रत्येक जण सरकार नसतो. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळी ‘एसपीएमसीआयएल’ या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहेत, आणि संग्राहकांसाठीच्या नाण्यांची नोंदणी या टांकसाळींच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होते. तेथून नाणे हातात पडायला पुष्कळ वेळ लागू शकतो. नवख्याला तेवढा धीर नसतो, आणि मग खासगी विक्रेते तेच नाणे चढ्या भावाने त्याच्यापुढे ठेवतात. त्यात बेकायदेशीर काही नाही. मात्र टांकसाळीचा मूळ दर न पाहता पैसे मोजणाऱ्याने आपण सरकारकडून खरेदी केली, असे समजू नये.

सर्वांत अधिक नुकसान करणारा दावा ‘प्रूफ’विषयीचा आहे. प्रूफ हे धातूच्या शुद्धतेचे नाव नाही, ती नाणे पाडण्याची रीत आहे. त्यासाठी ठसे आणि चकत्या विशेष चकाकी देऊन तयार करतात आणि एकाच चकतीवर एकाहून अधिक वेळा दाब देतात, त्यामुळे पार्श्वभूमी आरशासारखी लखलखीत आणि वरचे चित्र दुधी दिसते. चांदी किती, हे त्यावरून कळत नाही. ते केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या राजपत्रातील अधिसूचनेत लिहिलेले असते आणि ती अधिसूचना कोणालाही फुकट वाचता येते. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनानिमित्त निघालेल्या ७५ रुपयांच्या नाण्याचेच पाहा. वजन ३५ ग्रॅम, व्यास ४४ मिलिमीटर, कडेवर २०० दाते, आणि धातू म्हणजे ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल व ५ टक्के जस्त. हुपरीच्या चांदी कारागिराच्या हाती ते दिले तर तो त्याला पन्नास टंच, म्हणजे शंभरात पन्नास भाग चांदीचे, म्हणेल. म्हणजे त्यात चांदी साडेसतरा ग्रॅम. जाहिरातीत ‘३५ ग्रॅम शुद्ध चांदी’ असे लिहिलेले दिसले, तर विक्रेत्याला नाण्याची माहिती नाही किंवा तो जाणूनबुजून खोटे सांगतो आहे, आणि दोन्ही परिस्थितींत त्याच्याकडून घेऊ नये.

मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका विक्रेत्याकडून शंभर रुपयांचे असेच एक नाणे मागवले होते. छायाचित्र सुरेख होते, मखमली डबी आली, आत सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र होते. गुजरीतल्या ओळखीच्या सराफकाकांच्या काट्यावर ठेवले तेव्हा ३५ ग्रॅमऐवजी ते साडेसव्वीस ग्रॅमही भरले नाही. काकांनी डोळ्याला भिंग लावले आणि नाण्याची कड हळूहळू फिरवली. दाते काही ठिकाणी एकमेकांत मिसळले होते, एका जागी दोन भाग जोडल्याचा केसाएवढा सांधा होता आणि अक्षरांच्या पोटात बारीक फोड दिसत होते. टांकसाळीत ठशाखाली दाबलेल्या नाण्यावर असे फोड येत नाहीत. ते ओतकामात येतात. डबी उघडायला मी दहा दिवस लावले होते आणि तोवर परतीची मुदत संपली होती.

त्या प्रमाणपत्राविषयीही सांगितले पाहिजे. ते विक्रेत्याने स्वतःच छापलेले होते, त्यावर ना कोणाची जबाबदारी होती, ना पडताळता येईल असा क्रमांक. ‘एनजीसी’ किंवा ‘पीसीजीएस’ यांसारख्या प्रतवारी करणाऱ्या संस्था नाणे तपासून बंद पारदर्शक पेटीत घालतात आणि त्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. तेवढी सोय नसेल, तर तो कागद डबीचाच एक भाग समजावा. चुंबक लावून पाहण्याचा सल्लाही सरसकट उपयोगी नाही: १९९९ चे संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे नाणे स्टेनलेस स्टीलचे असल्याने चुंबकाला चिकटते, तर त्याच वर्षीचे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे तांबे-निकेलचे असल्याने चिकटत नाही, आणि दोन्ही अस्सल आहेत.

आता लाखो रुपयांचा दावा. वर्षाखालची चौकट ही मुंबई टांकसाळीची खूण आहे, दुर्मिळतेची नव्हे. हैदराबादची खूण तारा, नोएडाची ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते. चौकटीची नाणी आपल्या खिशात रोज असतात. किंमत ठरते ती नाणी किती निघाली, त्यांतली चांगल्या स्थितीत किती उरली आणि ती किती जणांना हवी आहेत, यावर. नुसते जुनेपणही पुरेसे नसते. आपल्याच कोल्हापुरात सापडलेली, धनुष्यबाणाचे चिन्ह असलेली शिशाची प्राचीन नाणी इतिहासाच्या दृष्टीने अमोल आहेत, पण म्हणून त्या काळातले प्रत्येक झिजलेले नाणे श्रीमंत करत नाही. वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची २०१२ ची पाच आणि दहा रुपयांची नाणी तर चलनासाठीच काढलेली होती. हाताळून झिजलेल्या अशा नाण्याला संग्राहक दर्शनी मूल्याहून फार काही देत नाहीत.

या अफवेमागे एक ठरावीक पद्धत आहे. आधी ‘तुमचे नाणे आम्ही विकत घेतो’ असे सांगतात, मग नोंदणी शुल्क, जीएसटी, विमा अशा नावांनी थोडे थोडे पैसे मागतात, आणि विश्वास बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र पाठवतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रसिद्धीपत्रक काढून स्पष्ट केले आहे की जुन्या नोटा आणि नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी शुल्क वा कमिशन मागत नाही आणि तसे मागण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या परिचयाच्या एका काकूंनी वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्यासाठी तीन वेळा शुल्क भरले आणि चौथ्या वेळी ‘रक्कम जमा करण्यासाठी’ त्यांच्याकडे यूपीआयचा पिन मागितला गेला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे त्यांच्या मुलाच्या वेळीच लक्षात आले. त्याने लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली; नाणे काकूंच्या देवघरात होते तिथेच आहे.