गच्चीवरचा पंखा आणि ऑर्कनीचा वारा

रत्नागिरीचा माझा भाचा सध्या एकच प्रश्न धरून बसला आहे. "आत्या, तुमच्याकडे घरोघरी पवनचक्क्या आहेत ना? मग आपल्याकडेच का नाहीत?" त्याला गच्चीवर एक किलोवॅटची, उभ्या पात्यांची पवनचक्की बसवायची आहे. विक्रेत्याने दीड लाखाचं कोटेशन दिलंय आणि सोबत एक व्हिडिओ पाठवलाय. त्यात ट्युलिपच्या फुलासारखं दिसणारं यंत्र कुठल्याशा युरोपीय चौकात डौलात फिरतंय. घरच्या ग्रुपवर त्यावरून दोन तट पडलेत. काका मंडळींच्या मते हे खूळ आहे. तरुणांचं म्हणणं असं की बाहेर जे चालतं ते 'इथे नाही चालायचं' म्हणून मोडीत काढायची आपल्याला खोडच आहे. मी स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर राहते, त्यामुळे दोन्ही बाजूंना मी साक्षीदार म्हणून हवी आहे. साक्ष द्यायला हरकत नाही, पण ती कुणालाच फारशी आवडेलसं दिसत नाही.

भाच्याचा हट्ट बिनबुडाचा नाही. गच्चीवरच्या सौर पॅनेलला पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. पण सूर्य रात्री नसतो, आणि कोकणात जून ते सप्टेंबर तो दिवसाही जेमतेमच असतो. दिवसा पॅनेलने दिलेली जादा वीज रात्रीच्या वापरातून वजा करू द्यायची की नाही, यावर 2025 मध्ये महाराष्ट्रात बराच वाद झाला. तेव्हापासून 'रात्री काय?' हा प्रश्न प्रत्येकाच्या लाइट बिलाशी जोडला गेला. वारा रात्रीही वाहतो, आणि आपल्याकडे तर तो नेमका पावसाळ्यात जोर धरतो. म्हणजे कागदावर सूर्य आणि वारा एकमेकांची उणीव भरून काढतात. इथवर भाचा बरोबर आहे.

आता ऑर्कनी. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडची ही बेटं, वस्ती जेमतेम बावीस हजारांची. इथे खरोखरच शेकडो घरगुती पवनचक्क्या आहेत. बेटं वर्षभरात वापरतात त्यापेक्षा जास्त वीज वारा-लाटांतून तयार करतात. 1951 मध्ये इथल्या कोस्टा हेडवर 100 किलोवॅटची पवनचक्की उभारली होती, म्हणजे ही काही कालची हौस नव्हे. आणि वारा म्हणजे कसा? 1952 च्या जानेवारीतल्या वादळात बेटांवरची कोंबड्यांची खुराडी कोंबड्यांसकट उडून गेली होती. म्हातारी माणसं अजून कालच घडल्यासारखी ती हकिकत सांगतात.

पण भाच्याने या पवनचक्क्या कुठे उभ्या आहेत तेही बघायला हवं. त्या छपरावर नाहीत. माझ्या शेजाऱ्याची सहा किलोवॅटची पवनचक्की घरापासून बरीच लांब, गुरांच्या कुरणात, पंधरा मीटरच्या खांबावर आहे. आजूबाजूला झाड म्हणून नाही, कारण इथल्या वाऱ्यात झाडं धड वाढतच नाहीत. अटलांटिकवरून निघालेला वारा कशालाही न अडखळता थेट पात्यांवर येतो. आमच्या गावातल्या कुणी ती छपरावर बसवायचं मनात आणलं, तर लोक त्याला आधी कौलांची काळजी करायला सांगतील.

छपरावरचा प्रयोग ब्रिटनमध्ये झालाच नाही असं मात्र नाही. 2006 मध्ये 'बी अँड क्यू' या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानसाखळीने विंडसेव्ह नावाची छपरावरची पवनचक्की 1,498 पौंडांत, बसवून देण्यासकट, विकायला काढली. वर्षभरात विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरून यांनी लंडनमधल्या आपल्या घरावर एक छोटी पवनचक्की लावून घेतली. मग लोकांनी मोजमाप सुरू केलं. वॉरिक विंड ट्रायल्स या अभ्यासात इमारतींवरच्या 26 पवनचक्क्या तपासल्या गेल्या. सरासरी उत्पादन निघालं दिवसाला सुमारे 214 वॅट-तास, म्हणजे पाव युनिटसुद्धा नाही. काही ठिकाणी तर पवनचक्की बनवत होती त्यापेक्षा जास्त वीज इन्व्हर्टरच नुसतं जागं राहायला खात होता. उंच इमारतींवर वारा चांगला होता, पण तिथली यंत्रं आवाजाच्या तक्रारींमुळे बहुतेक काळ बंद ठेवावी लागली. 2009 मध्ये त्या दुकानांनी विक्री थांबवली. 'परदेशात चालतं' म्हणताना हाही परदेशच आहे, आणि व्हिडिओत तो दाखवत नाहीत.

असं का होतं याचं गणित शाळेतलंच आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते, वेग निम्मा झाला की आठवा हिस्सा उरतो. दोन मीटर व्यासाचं पात्यांचं चक्र घ्या. सेकंदाला 12 मीटर वाऱ्यात ते एक किलोवॅटच्या आसपास देईल, आणि माहितीपत्रकावर छापतात तो हाच आकडा. सेकंदाला 6 मीटरला शंभर-सव्वाशे वॅट. 3 मीटरला पंधराएक वॅट, म्हणजे घरातला एक एलईडी दिवा आणि वर मोबाइलचा चार्जर. माडाची बाग आणि शेजारची तीन मजली इमारत यांच्या मधल्या गच्चीवर वर्षाची सरासरी 3 मीटर पडली तरी नशीब. त्यात अधूनमधूनचे जोराचे झोत धरले, तरी हिशेब दिवसाला अर्ध्या युनिटाच्या घरात जातो. युनिटला 12 रुपये धरले तर वर्षाला बावीसशे रुपये सुटतात आणि दीड लाख वसूल व्हायला सत्तर वर्षं लागतात. एक किलोवॅटचं सौर पॅनेल त्याच गच्चीवर सरासरी चार युनिट देतं, तेही न फिरता, न कुरकुरता.

"पण उभ्या पात्यांच्या यंत्राला कुठूनही आलेला वारा चालतो," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. चालतो, मान्य. पण कुठूनही आलेला असो, मुळात वारा हवा ना. घरांच्या आणि झाडांच्या मागे उरतो तो भोवरा. त्यात यंत्र फिरताना छान दिसतं, वीज देत नाही. पात्यांचा आकार बदलल्याने घनाचा नियम बदलत नाही. शिवाय विक्रेता तुमच्या जिल्ह्याचा म्हणून दाखवतो तो वेग बहुतेक वेळा नकाशावरचा, जमिनीपासून पन्नास किंवा शंभर मीटर उंचीवरचा असतो. गच्ची दहा मीटरवर असते, हे सांगायचं त्याच्या सोयीने राहून जातं.

म्हणून काकांचा पक्ष जिंकला असं समजू नका. महाराष्ट्रात वारा नाही असं कोण म्हणेल? 1986 मध्ये देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प 55 किलोवॅटच्या डॅनिश यंत्रांनी उभे राहिले, त्यात आपली किनारपट्टी होती. ठोसेघरला जाऊन चाळकेवाडीचं पठार पाहिलं नाही असा सातारकर विरळा. तिथल्या पंख्यांनी ढग पळवले आणि पाऊस पडला नाही, असा आरोप 2003-04 च्या सुमारास सातारा-सांगलीकडे जोरात झाला होता. शास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य नव्हतं. पण डोक्यावर यंत्रं फिरतायत, वीज भलतीकडे जातेय आणि गावात भारनियमन आहे, हा राग मला समजतो. कोकणातले उघडे सडे, म्हणजे कातळाची पठारं, आणि सह्याद्रीच्या धारेवरच्या वाड्या इथे लहान पवनचक्कीला जागा आहे. अट इतकीच की खांब उंच हवा: आसपासच्या शंभर-दीडशे मीटरांतल्या सगळ्यात उंच झाडापेक्षाही पात्यांचं खालचं टोक नऊ-दहा मीटर वर. माडाच्या आगरात हा हिशेब तीस मीटरला जातो, आणि मग खांब यंत्रापेक्षा महाग पडतो.

माझं खरं भांडण आहे ते अनुदानाशी. सूर्यप्रकाश शेजाऱ्याच्या आणि तुमच्या गच्चीवर जवळपास सारखाच पडतो, म्हणून सौर पॅनेलला किलोवॅटमागे ठरावीक रक्कम देणं ठीक आहे. बसवलं की ते साधारण अपेक्षेइतकं देणारच. वाऱ्याचं तसं नाही. एकाच गावात सड्यावरचं घर आणि उतारावरचं घर यांत आठपट फरक पडू शकतो. तरीही आपल्याकडे लहान पवनचक्क्या आणि पवन-सौर संकरित संच यांना अनुदान मिळालं ते किलोवॅटमागेच. यंत्र उभं राहिलं, फोटो निघाला, पैसे मिळाले. पातं फिरतं का, हे विचारणं कुणाचंच काम नव्हतं. शाळांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या गच्च्यांवर मुकाट उभी असलेली यंत्रं सुट्टीत आले की मला दिसतात.

ब्रिटनने एप्रिल 2010 पासून उलट केलं. यंत्राच्या खरेदीला मदत दिली नाही, तयार झालेल्या प्रत्येक युनिटला पैसे दिले. दीड ते पंधरा किलोवॅटच्या पवनचक्कीला सुरुवातीचा दर होता युनिटला 26.7 पेन्स, वीस वर्षांसाठी. मीटर फिरला नाही तर पैसे नाहीत. मग शेतकरी स्वतःच चौकश्या करू लागले, खांब आणखी तीन मीटर उंच घ्यावा का यावर पबमध्ये वाद घालू लागले. ऑर्कनीतल्या बऱ्याच पवनचक्क्या त्याच काळातल्या. नव्या अर्जदारांसाठी ही योजना मार्च 2019 अखेर बंद झाली.

या योजनेचीही दुसरी बाजू आहे. तिचे पैसे देशातल्या सगळ्या वीजग्राहकांच्या बिलांतून गेले. म्हणजे ग्लासगोच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने कुरण आणि खांब असलेल्या माणसाला हातभार लावला. एवढी वीज बनवणाऱ्या ऑर्कनीतच, घर गरम ठेवणं न परवडणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण स्कॉटलंडमध्ये सर्वाधिक असलेल्या भागांत मोडतं. मुख्य भूमीकडे जाणाऱ्या तारा अपुऱ्या, त्यामुळे भरपूर वाऱ्याच्या दिवशी गावांच्या सामायिक पवनचक्क्या थांबवाव्या लागतात, आणि त्याच संध्याकाळी कुणी म्हातारी दोन स्वेटर घालून बसलेली असते. तेव्हा आपल्या वीज नियामक आयोगाने युनिटमागे दर द्यायचं ठरवलंच, तर तो एकेकट्या घरमालकांआधी अख्ख्या वाडीच्या सामायिक पवनचक्कीला मिळावा असं मला वाटतं.

त्याचंही उदाहरण इथेच आहे. स्काय बेटाच्या दक्षिणेला एग नावाचं बेट आहे, वस्ती शंभराच्या आसपास. 1997 मध्ये रहिवाशांनी ते जमीनदाराकडून विकत घेतलं. तोवर घरोघरी डिझेलचे जनरेटर होते. फेब्रुवारी 2008 मध्ये त्यांची स्वतःची वीजव्यवस्था सुरू झाली: ओढ्यांवरची जलविद्युत, सहा-सहा किलोवॅटच्या चार पवनचक्क्या, सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि अडीअडचणीला डिझेल. एका वेळी कोणत्याही घराने पाच किलोवॅटपेक्षा जास्त वीज ओढायची नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. वीज उरली की सामायिक इमारती गरम होतात. चारही पवनचक्क्या वारा जिथे आहे तिथे उभ्या आहेत, कुणाचं घर कुठे आहे ते बघून नव्हे.

भाच्याला मी तीन किलोवॅटचं सौर सुचवलंय, आणि दीड लाखातले थोडे पैसे वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वेगमापकाला. वाडीच्या वरच्या सड्यावर, मंदिराच्या मागे, खांबाला तो लावून वर्षभर नोंदी ठेवाव्यात, पावसाळ्यासकट. आकडे चांगले आले तर मग ग्रामपंचायतीशी बोलता येईल, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने तपासलेल्या यंत्रांच्या यादीतून निवड करता येईल. आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवावी लागेल. माझा शेजारी दर उन्हाळ्यात खांब आडवा करून बेअरिंग आणि बोल्ट तपासतो, कारण खारा वारा लोखंडाला सोडत नाही. कोकणात ते काम मेमध्ये, पाऊस लागायच्या आत उरकायला हवं. तिथे निसर्ग आणि तौक्तेसारखी वादळंही येतात, त्यामुळे इशारा मिळाल्यावर काही तासांत खांब खाली घेता आला पाहिजे. ते करणारी दोन माणसं गावात आहेत का, हे मी त्याला विचारलंय. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.