‘आतला लगाम ओढला की घोडा वळतो’ : एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

कच्चा घोडा तयार करण्याविषयी एक सल्ला सध्या फार फिरतो आहे. तो थोडक्यात असा: घोडा एका बाजूला वळत नसेल तर त्या बाजूचा लगाम ओढून धरावा, कारण मान वळली की अंगही वळते, अंग सुटेपर्यंत त्याला लहान वर्तुळांत फिरवावे, जी बाजू हाताला कडक लागते तिच्यावरच अधिक मेहनत घ्यावी, आणि सरळ चालण्याची काळजी करू नये, ते पुढे आपोआप जमते. यातले एकही विधान टिकणारे नाही आणि त्याचा त्रास घोड्याला भोगावा लागतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मान आणि अंग एकत्र वळतात, हे शरीररचनेलाच धरून नाही. घोड्याच्या मानेत ७ मणके असतात आणि ती कडेला सहज वळते. त्यामागच्या, बरगड्या जोडलेल्या १८ मणक्यांना मात्र कडेला वाकायला फारच थोडा वाव असतो. त्यामुळे डावा लगाम ओढला की नाक डावीकडे येते, मान खांद्यापुढे मोडते, भार उजव्या खांद्यावर जातो आणि घोडा तोंड डावीकडे ठेवून उजवीकडेच सरकत राहतो. शिवाय त्या ओढीमुळे आतला, म्हणजे वळणाच्या बाजूचा, मागचा पाय मोकळेपणाने पुढे पडत नाही. खरा बाक स्वाराच्या आतल्या पायापासून सुरू होतो. घोड्याचे धड पुढच्या पायांच्या मधोमध केवळ स्नायूंवर तोललेले असल्याने, तंगाजवळ (खोगीर बांधणाऱ्या पोटपट्ट्याजवळ) स्वाराचा पाय लागला की बरगड्या किंचित बाहेर सरकतात. बाहेरचा लगाम खांदा सांभाळतो आणि तंगाच्या थोडा मागे ठेवलेला बाहेरचा पाय पुठ्ठा घसरू देत नाही. खोगिरावरून आतल्या डोळ्याची कड तेवढी दिसावी. दोन पावले आतला लगाम सैल सोडल्यावर बाक नाहीसा झाला, तर तो हाताने धरून ठेवलेला होता असे समजावे.

लहान वर्तुळांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. २० मीटर व्यासाच्या वर्तुळावरही ज्याची लय मोडते, त्याला १० मीटरवर आणल्यास तो वळत नाही, नुसता आत कलतो, आणि तो भार कोवळ्या सांध्यांवर येतो. पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. शर्यतीतून लवकर निवृत्त झालेले कित्येक थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे घोडे) त्याआधीच रपेटीसाठी घेतले जातात, हेही ध्यानात ठेवावे.

‘कडक बाजू’ हा या सल्ल्यातला सर्वांत फसवा भाग आहे, कारण हाताला जे जाणवते ते खोटे नसते, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. बहुतेक घोडे जन्मतः एका अंगाने वाकडे असतात. समजा, घोडा उजवीकडे पोकळ आहे, म्हणजे त्याचे अंग आपोआप उजवीकडे वाकलेले राहते. त्याचा उजवा मागचा पाय पुढच्या पायाच्या रेषेत न पडता थोडा बाहेर पडतो, भार तिरपा होऊन डाव्या खांद्यावर जातो आणि स्वाराला डाव्या हातात जडपणा लागतो. उजवा लगाम घोडा नीट धरतच नाही. तो हलका लागतो म्हणून ती बाजू चांगली, असा समज होतो. अशा वेळी डावीकडे ओढत राहिल्याने घोडा त्या हातावर अधिकच रेलतो. उजव्या मागच्या पायाला पोटाखाली यायला लावणे आणि घोड्याने उजवा लगाम स्वीकारेपर्यंत थांबणे, हे खरे काम आहे.

राहिला सरळपणा. जर्मन शिक्षणक्रमाच्या सहा पायऱ्यांत तो लय, सैलपणा, लगामाचा संपर्क आणि जोम यांच्यानंतर पाचवा येतो. म्हणजे तो उशिरा पक्का होतो, पण घडवावाच लागतो. रिंगणाच्या भिंतीला धरून चालवण्याचाही त्यासाठी उपयोग नाही. घोड्याचे खांदे पुठ्ठ्याहून अरुंद असल्याने, खांदा आणि पुठ्ठा भिंतीपासून सारख्याच अंतरावर ठेवून चालणारा घोडा मुळात तिरपा असतो. खांदे किंचित आत घेऊन पुठ्ठ्यासमोर आणावे लागतात. वळणावरही मागचे पाय पुढच्या पायांच्या मार्गावर पडणे हाच सरळपणा असल्यामुळे बाक आणि सरळपणा यांत विरोध नाही. नुकत्याच सारख्या केलेल्या वाळूत टापांचे ठसे पाहिले की हे डोळ्यांना दिसते.

एक गोष्ट मात्र यांपैकी कशाच्याही आधी करावी. एकाच बाजूला ठाम नकार देणाऱ्या घोड्याचे दात, पाठ, खोगीर आणि नाल पशुवैद्य व नालबंद यांच्याकडून तपासून घ्यावेत, आणि दुखणे निघाल्यास ते बरे होईपर्यंत वळणांचे शिक्षण थांबवावे.