वजन, रक्तदाब, सही, पुढचा!

आमच्या तालुक्याच्या एमआयडीसीत फवारणी पंपाच्या मऊ नळ्या तयार करणाऱ्या कारखान्यात दरवर्षी कामगारांची आरोग्य तपासणी होते आणि दरवर्षी तो देखावा पाहून माझे डोके तापते. वजन, रक्तदाब, भिंतीवरची अक्षरे, सही, पुढचा! ज्या रसायनात आमचे हात दिवसभर बरबटलेले असतात, त्याचे नावसुद्धा त्या कागदावर नसते.

कारखान्यात त्याला सगळे 'तेल' म्हणतात. ते डीओपी आहे, थॅलेट नावाच्या रसायनांच्या गटातले. कडक पीव्हीसी प्लास्टिक मऊ करण्यासाठी ते इतके घालावे लागते की नळीच्या वजनाचा तिसरा हिस्सासुद्धा त्याचाच असू शकतो. पीव्हीसीशी ते रासायनिक बंधाने जोडले जात नाही, त्यामुळे गरम मिक्सरचे झाकण उघडताच त्याची वाफ तोंडावर येते, आणि मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या तोंडाला फक्त दुपट्टा असतो, जो धूळ अडवतो, वाफ नाही. नुसत्या पाण्याने न निघणारा तोच चिकटा घेऊन आम्ही डबा खातो.

युरोपात लहान मुलांच्या खेळण्यांत हेच रसायन 0.1 टक्क्याहून अधिक चालत नाही. चीनमधील पीव्हीसी फरशीच्या कारखान्यातील पुरुषांवर 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, थॅलेटशी संपर्क असलेल्या कामगारांमध्ये मुक्त टेस्टोस्टेरॉन, म्हणजे रक्तात मोकळे असलेले पुरुषी संप्रेरक, कमी आढळले. आमच्याकडे मात्र मूल झाले नाही की गाव बायकोलाच बोल लावते. नवरा दिवसभर कशात उभा असतो, हे कोणी विचारत नाही.

बरे, या रसायनाची तपासणी अशक्य आहे असेही नाही. याचे अंश लघवीत सापडतात. पण त्यांतले बहुतेक एक-दोन दिवसांतच शरीराबाहेर जातात, म्हणून नमुना कामाची पाळी संपताना घ्यायला हवा. आमचे शिबिर असते सुटीच्या दिवशी सकाळी, आणि तिथे लघवीची बाटली कोणी हातातही देत नाही.

आरोग्य व सुरक्षिततेची माहिती मालकाकडून मिळवण्याचा कामगाराचा हक्क 1987 साली, भोपाळनंतर, कारखाना अधिनियमात घालण्यात आला. तरीही या रसायनाचा माहितीकागद मागितला तेव्हा सुपरवायझर म्हणाले, "तेलच तं आहे, काय होते त्यानं? अन् कागद इंग्रजीत हाय, तुले काय समजन?" आमची पोरे कॉलेजात शिकतात, ती वाचून दाखवतील. कागद द्या, आणि मिक्सरवर वाफ ओढून घेणारा पंखा बसवा.